एक्कावन्न ताटं

"म्हणजे अक्का, सोमवारपासून सुरू करू, की एकदम पाडव्यालाच नारळ फोडू?"

हर्षालीने चपला काढता काढताच विचारलं. घाईत दंडवत घालायचासुद्धा राहून गेला.

रेवाक्का ओसरीवर बसून झोळीला टाका घालत होत्या. महानुभाव आश्रमातल्या या तपस्विनी. वय सत्तरीच्या पुढे. सकाळी गावात पाच दारं मागायची, मिळेल ते एकाच पात्रात घ्यायचं आणि दुपारी एकदाच, बसून जेवायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. अंगावर मांस नावालाच. चाल मात्र अशी, की सोबतच्याला धाप लागावी.

हर्षालीच्या माहेरचं दार त्या पाचांतलं एक होतं. परकराच्या वयापासून ती अक्कांना ओळखायची.

"कायची सुरुवात व?"

"वजन कमी करायचं! या वेळी पक्कं. हे बघा, सगळं आखलंय."

तिने पिशवीतून वही काढली. चार रंगांच्या पेनांनी आखलेलं वेळापत्रक. आखता आखता पहाट होते की काय असं वाटावं, इतकी ती रंगून गेली होती.

"पाच दहा, कोमट पाणी. पाच पंधरा, चालणं. पावणेसहा, सूर्यनमस्कार. सहा वीस, डबे..."

"मधात पोट्टा उठला त?"

"नाही उठत."

"मी उठतो," चार वर्षांचा ओजस तिच्या पदराआडून म्हणाला.

अक्कांनी दोरा दातांनी तोडला.

"याच्या आधी किती सोमवार झाले?"

"अकरा."

"मोजले?"

"वहीत आहेत ना."

हर्षाली स्वतःच हसली. तालुक्याच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची. कोणत्या पदार्थात किती उष्मांक, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. हा सगळा अभ्यास तिच्या कमरेभोवती सुखाने नांदत होता.

"अन् आताच काऊन एवढं पेटली?"

हर्षालीचं हसू थांबलं. तिने ओजसला वासरू दाखवायला अंगणात पिटाळलं. तो लांब गेल्यावर आवाज खाली आणला.

"गेल्या गुरुवारी बसस्टँडवर याने हात सोडला, अक्का. आणि सुटला तो थेट रस्त्याकडे. मी धावले. बारा पावलं. तेराव्याला श्वासच येईना. एका पेरूवाल्याने त्याची कॉलर धरली म्हणून..."

...

"त्या माणसाला मी हसून थँक्यू म्हटलं. घरी कोणाला सांगितलं नाही. ह्यांनाही नाही."

रेवाक्कांनी झोळीची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"काल काय जेवली?"

"उद्यापासून सकाळी मोड आलेले मूग आणि..."

"उद्याचं नाई. काल."

हर्षाली आठवू लागली. सकाळी कॉलेजची गडबड. दुपारी पेपर तपासणी. रात्री...

"खरं सांगू? काल मी जेवलेच नाही. परवाही नाही. पानावर बसायला वेळ असतो कोणाला? आणि तरी काटा पुढे सरकतो! जे पोटात गेलंच नाही ते अंगावर येतं कुठून? सगळं शास्त्र खोटं पाडलंय मी."

हे सांगताना तिच्या स्वरात थोडा अभिमानही होता.

इतक्यात रविवारची पंगत बसली. आश्रमातल्या बाईने ओजसपुढे ताट मांडलं. वरण-भात, पोळी, आलू-वांग्याची भाजी. हर्षालीलाही पाट सरकवला.

"मला नको, खरंच नको," ती म्हणाली. "सध्या कमीच करतेय. मी आपली याला भरवते."

ओजसने भाताचे चार घास खाल्ले, वरणात बोटाने एक नदी काढली आणि वासराकडे पळाला.

हर्षाली पुन्हा वहीत शिरली. "तर आठवड्याचे दोन भाग केलेत. पहिले तीन दिवस..."

बोलता बोलता तिने ओजसचा उरलेला भात संपवला.

अक्कांनी करंगळी मिटली.

"...आणि पोळी एकदम बंद. मैदा तर घरातच आणायचा नाही..."

ओजसची अर्धी पोळी भाजीला लावून गेली. अक्कांनी दुसरं बोट मिटलं. मग पिशवीतलं त्याचं अर्धवट केळं निघालं. ते काळं पडलं असतं. तिसरं बोट. मग त्याने एकच कोपरा चावलेलं बिस्कीट.

"...साखर म्हणजे तर विष!" हर्षाली बोटांवरचा चुरा चाटत म्हणाली. मग तिचं लक्ष अक्कांच्या मिटलेल्या मुठीकडे गेलं. "काय मोजताय?"

"घरं."

"कुठली घरं?"

"मी पाच दारं मागतो. एक डाव. मंग बसतो, जेवतो, पात्र धुतो. तू बसल्या जागी चार मागून राह्यली, अन् मनतं का जेवलीच नाई. मायापक्षा मोठी भिकारीण त तू हायस."

हर्षालीचे कान तापले. भिकारीण? एम.एस्सी., सेट, आणि भिकारीण?

ती काही बोलणार होती. पण बोटाला बिस्किटाचा चुरा चिकटलेला होता.

...

"सकाळी..." ती हळूच म्हणाली. "मोठ्या लेकीच्या डब्यात पराठा उरत नाही, म्हणून आधीच एक चाखते. मग ओजसच्या दुधाची साय. दुपारी ओजसचा परत आलेला डबा. तो टाकवत नाही. ओट्याशी भाजीची चव, मग मीठ घातल्यावर परत चव. ह्यांचा दहीभात उरतो. कढईचा तळ. फ्रीजमधली कालची वाटी, सकाळपर्यंत आंबेल म्हणून..."

दोन्ही हातांची बोटं संपली. तिने ओजसला हाक मारली आणि त्याची बोटं घेतली.

"सतरा!" ती ओरडलीच. "अक्का, सतरा घरं! एका दिवसात! आणि मी सगळ्यांना सांगत फिरते की मी काही खातच नाही!"

ती हसत सुटली. मोठीच्या जन्मापासून सात वर्षं न सुटलेलं गणित कोणीतरी फळ्यावर सोडवून दाखवावं, तशी. तिने पेन उघडलं. हिरवं. "थांबा, हे लिहूनच घेते. नवीन तक्ता करते. उरलेलं न खाणे, एक..."

"तुयं ताट कसं हाय?" अक्कांनी विचारलं.

"अं?"

"घरी. तुयं ताट."

"ओजसचं हत्तीचं आहे. मोठीचं कप्प्यांचं. ह्यांचं काठाचं, लग्नातलं, नाव घातलेलं. आणि माझं..."

पेन थांबलं.

"अन् तुया मायचं कसं होतं?"

हर्षालीने डोळे मिटले. बाबांचं जड पितळी ताट दिसलं. भावांची दिसली. आई दिसली, चुलीशी, मग गॅसशी, हातात भाकरीचा तुकडा, त्याच्यावरच चटणी. शेवटी शेवटी गुडघे गेले, साखर वाढली, तरी उभीच. ताट काही दिसेना.

...

"तीस वर्षं त्या दारात उभी राह्यली मी," अक्का म्हणाल्या. "तिनं मले रोज वाढलं. तिले बसून जेवताना पाह्यलं नाई."

मग त्या उठल्या. मांडणीवरून एक स्टीलचं ताट काढलं आणि हर्षालीच्या हातात दिलं.

"वाच."

वाचायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी हर्षालीनेच ही ताटं या आश्रमाला दिली होती, भावांना सोबत घेऊन. अक्षराचं वळणही तिनेच निवडलं होतं. कै. सौ. सुलोचना वामनराव ढोले यांच्या स्मरणार्थ.

"किती देल्ली होती तुम्ही?"

"एक्कावन्न..."

अक्कांनी फक्त मान हलवली. मांडणीवर ती सगळी ओळीने उभी होती. घासलेली, लखलखीत.

हर्षाली कितीतरी वेळ त्या ओळीकडे पाहत राहिली. मग एकदम तिने वही मिटली, पाट ओढला आणि मांडी घालून बसली. गुडघा कुरकुरला. आईचं नाव असलेलं ताट तिने समोर ठेवलं.

"वाढा," ती म्हणाली. "आज रविवार असला तरी वाढा!"

तिला भात वाढला. भाजी, पोळी, लिंबाची फोड. ती खाली मान घालून जेवू लागली. भाजीत तीळ होते. तिला आश्चर्य वाटलं. मघाशीही असणारच की.

ओजस धावत आला. हातात लाडूचा चावलेला अर्धा भाग. "आई, हे नको मला."

तिचा हात आपोआप पुढे झाला.

आणि हवेतच थांबला.

अक्कांनी तो तुकडा ओजसच्या वाटीत ठेवला आणि वर झाकण घातलं.

"थ्याचा हाय. थ्याले भूक लागंन."

एवढं सोपं? हर्षालीला वाटलं. सात वर्षांत हे झाकण कोणाला सुचलं नाही?

दीड पोळीनंतर तिचं पोट भरलं. पोट भरतं, ही गोष्टच ती विसरून गेली होती. तिने ताट धुतलं. ते पुसायला फडकं घेते न घेते तोच ओजसने ताट हिसकावलं आणि खिदळत फाटकाकडे धूम ठोकली.

"ओजस!"

ती धावली. पदर खोचायलाही थांबली नाही. दहा... अकरा... बारा... छाती फुटेल असं वाटलं. आणि तेरा! तेराव्या पावलाला तिच्या बोटांत त्याचा शर्ट आला.

फाटक बंदच होतं. पण तिने त्याला असा काही कवटाळला, की ताट दोघांच्या मध्ये दाबलं गेलं.

"तेरा!" ती धापा टाकत ओसरीकडे पाहून ओरडली. "अक्का, तेरा झाली!"

रेवाक्का आपलं पात्र घेऊन जेवायला बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

निघताना हर्षालीने नीट दंडवत घातला. वही ओसरीवरच राहिली होती. अक्का ती देऊ लागल्या, तेव्हा हर्षालीने मागची कोरी पानं फाडून ओजसला चित्रांसाठी दिली. बाकीची वही चुलीजवळ, पेटवणाला ठेवली.

"सोमवारची वाट नाही बघत," ती म्हणाली. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालत होते. "आत्ता जाताना बाजारातून ताट घेते. मोठं नको, मध्यम. काठाचं. भांडीवाला दहा मिनिटांत नाव घालून देतो. रात्री त्यातच जेवते, बसून, सगळ्यांच्या सोबत. आधी माझं वाढायचं! बघतील सगळे तोंड वासून..."

फाटकापाशी जाऊन ती पुन्हा वळली.

"अक्का, नाव काय घालू? 'आई' घालू?"

अक्कांनी तोंडातला घास शांतपणे चावला, गिळला.

"'आई' नोको घालू. थ्या ताटात पोट्टे जेवतीन."