घाव पुढे ठेवलेला पाइन

जपानमधल्या कुरासावा या डोंगराळ गावी बोन्सायचे प्रदर्शन भरते, तिथे कुणालाही खुर्ची मिळत नाही. झाड पाहायचे तर गुडघे टेकायचे. आधी मुळे, मग खोड, मग फांद्या, अशी नजर खालून वर न्यायची. मधोमध हातभर उंचीचा एक जुना पाइन असतो. त्याच्या खोडावरचा घाव मुद्दाम दाराकडे केलेला असतो. कुणी कारण विचारले की तिथले म्हातारे राखणदार मोरिता यांचा आवाज चढतो.

ते सांगतात ते असे. हा पाइन ओत्सुने नावाच्या इथल्याच एका मुलीच्या वडिलांनी वाढवला. त्याची खालची फांदी कड्यावरून झुकल्यासारखी उतरावी म्हणून त्यांनी तिला खडे बांधले, दर वर्षी एक जास्त. अशी सत्तावीस वर्षे. फांदी मनासारखी उतरली आणि वडील गेले. त्यांचे नाव राहावे म्हणून ओत्सुनेने झाड प्रदर्शनात मांडले.

त्या वर्षी मुलखाचा सरदार आला. त्याला म्हणे उंच आसन लागे. वरून त्याला फांदी नुसती लोंबताना दिसली. उंटावरच्या शहाण्याला दुसरे काय दिसणार? "ही कापा," तो म्हणाला.

"सरकार, एकदा खाली बसून पाहा," ओत्सुनेने विनवले.

"झाडापुढे मी खाली बसू?" सरदार हसला. त्याच्या माणसाने तिच्या डोळ्यांदेखत करवत चालवली.

ओत्सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती रडली नाही. पुढच्या वर्षी तिने तेच झाड आणले आणि घाव थेट सरदाराच्या आसनाकडे केला. कारभाऱ्यांनी कुंडी फिरवली, तिने परत फिरवली. त्यांनी घावाला माती फासली, तिने ती बाहीने पुसली. कुंडी फोडू म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, "फोडा. खापरात लावून आणीन."

असे अकरा वर्षे चालले. बाराव्या वर्षी म्हातारा झालेला सरदार आसनावरून उतरला आणि त्याने गुडघे टेकले. मुळे पाहिली, खोड पाहिले. नजर घावापाशी येऊन थांबली, कारण पुढे फांदीच नव्हती. मग म्हणे त्याने क्षमा मागितली.

"आता काय पाहणार, सरकार?" एवढेच ती बोलली. तिने त्याचे आसन उचलले आणि बाहेर चिखलात फेकून दिले. कुणी तिला अडवले नाही.

आजही तिथे आसन मांडत नाहीत, म्हणून घाव आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा दाराकडे करतात. घाव मात्र भरत आलाय, सालीने तो नखाएवढाच उघडा ठेवलाय. झाडाने माफ केले वाटते, असे एखादा पाहुणा म्हणतोच.

"झाडानं केलं असेल, आम्ही नाही," मोरिता म्हणतात आणि कुंडी जराशी फिरवून तो घाव पुन्हा दाराच्या रेषेत आणतात.