देवडीवरचं औषध

करंजवडे संस्थानात राजवाड्याच्या देवडीवरचे सगळे पहारेकरी टाचा दुखून लंगडत. पहाऱ्यावर कुणी बसायचं नाही, असा दिवाण त्र्यंबकपंतांचा हुकूमच होता. गावातली गजराबाई त्यांच्या टाचा गरम विटेवर रुईचं पान ठेवून शेकायची. तेवढ्यापुरतं बरं वाटे. पहाऱ्यावर उभं राहिलं की पुन्हा ठणका सुरू.

दिवाणांनी तिला बोलावून दम दिला, "कायमचा गुण येईल असं औषध आज सांग. नाहीतर उद्यापासून तुझा शेक बंद."

"औषध आहे, सरकार. पण ते मोठ्या माणसाच्या तोंडून निघालं तरच लागू पडतं. त्यासाठी त्याने दिवसभर देवडीवर उभं राहायचं."

संस्थानात मोठा माणूस कोण, याबद्दल दिवाणांना शंका नव्हती. ते जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांनी चारदा पाय बदलले, मग भिंतीला टेकले, आणि शेवटी कण्हत म्हणाले, "अरे, बसायला काहीतरी आणा."

गजराबाई पहारेकऱ्यांना म्हणाली, "ऐकलंत? हेच ते औषध."

दुसऱ्या दिवशी देवडीवर बाकडी आली. टाचदुखीवरचा हा उपाय दिवाणसाहेबांनी स्वतः शोधला, अशी दप्तरात नोंद झाली. ती खोटी आहे, असं गजराबाई कधीच म्हणाली नाही.