घरातलं बाहेर जाऊ नये

"तिनं हाक मारली असेल का, बुवा? एवढंच सांगा."

परचुरे सरांनी हे विचारलं तेव्हा ते उंबऱ्यातच उभे होते. बूटसुद्धा काढले नव्हते.

अण्णाबुवांचा मठ म्हणजे तांबट आळीतल्या दोन खोल्या. भिंतीला भिंत लागून वामन तांबटाचं दुकान. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हातोडीचे ठोके चालू. नवखा माणूस इथं आला की आधी कानांवर हात ठेवतो, मग नमस्कार करतो.

"बस," बुवा म्हणाले. "कुणाबद्दल विचारतोस?"

"बायको. वासंती."

सर तसेच बुटांसकट बसले. आम्ही दोघंतिघं शिष्य होतो, ते जरा सरकलो.

"न्हाणीघरात पाय घसरून पडली. मी कॉलेजात होतो. संध्याकाळी आलो, तर..."

ठक्. ठक्. ठक्.

"डॉक्टर म्हणाले, पडल्या पडल्या गेल्या नसाव्यात. दुपारपर्यंत जीव होता. शुद्ध होती की नव्हती, ते सांगता येत नाही म्हणाले."

"बरं."

"समोरच्या गोरेबाई दिवसभर घरीच होत्या. दार उघडं टाकून गहू निवडत बसल्या होत्या. त्यांना काही ऐकू आलं नाही. म्हणजे तिनं हाक मारलीच नसणार. शुद्धच नसणार तिला. हो ना?"



बुवांनी 'हो' म्हणून टाकावं, असं मला फार वाटलं. एक शब्द खोटा बोलल्यानं असं काय बिघडणार होतं?

"घर कुणी निवडलं?" बुवांनी विचारलं.

"मी."

सरांची मान ताठ झाली. माणूस दुःखानं पार मोडला होता, पण मत शाबूत होतं. आमच्या गावात पहिलं घर घेणारा प्रत्येक जण आधी परचुरे सरांचा सल्ला घ्यायचा. मीही त्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

"लोक काय काय चुका करतात, मला पाठ आहे, बुवा. सजवलेला नमुन्याचा फ्लॅट बघून भुलतात. घर बघायला एकदाच जातात, तेही उन्हाळ्यात. पावसाळ्यात भिंती पाझरायला लागल्या की मग कपाळाला हात लावतात. कागद वाचत नाहीत. दलाल म्हणाला पाणी चोवीस तास, की मान डोलावतात. मी यातली एकही चूक केली नाही. भर पावसात गेलो. भिंतींवर हात फिरवून पाहिला. वकिलाकडून सगळे कागद..."

ठक्. ठक्.

"हे जरा बंद करायला सांगता येईल का?" सर वैतागून म्हणाले. "तुम्ही इथे ध्यान तरी कसं करता?"

"वासंतीला आवडलं होतं घर?"

"ती म्हणाली, तुम्हाला आवडलं ना, मग झालं."

"हं."

"तिची काही तक्रार नव्हती. मी तिला प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली होती. पाया किती खोल, सळई कुठली, गच्चीचा उतार कुठल्या बाजूला..."

आणि ठोके थांबले.

बुवांनी हात वर केला. सर बोलतच होते. बुवा गुडघ्यावर हात देत उठले आणि भिंतीपाशी गेले.

"वामन! ए वामन!"

ओ आली नाही.

सरांना तसंच टाकून बुवा अनवाणी गल्लीत गेले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. सरांच्या कपाळावर आठी पडली. भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं.

"काय झालं रे तुला?"

"पाणी पितोय, अण्णा!"

"मग ओ द्यायला काय झालं?"

"तोंडात पाणी होतं की!"

आम्हाला हसू आलं. सर हसले नाहीत. ते त्या भिंतीकडे बघत होते.

बुवा परत येऊन बसले. ठोके पुन्हा सुरू झाले.

"हं. पुढं?"

...

 सर बोलले, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता.

"लग्नापासून आम्ही भाड्याच्या खोल्यांत राहिलो. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत. वासंती शिंकली तरी पलीकडून विचारायचे, काढा करून देऊ का? आमचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी शेजारीण तिला जेवायला बोलवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, बुवा. तेव्हाच ठरवलं होतं. स्वतःचं घर घेईन तर असं घेईन, की घरातलं बाहेर जाऊ नये."

"मिळालं तसं?"

"मिळालं."

"खात्री करून घेतलीस?"

"हो. ते काम मी कुणाच्या भरवशावर टाकलं नाही."

"कशी केलीस?"

 सरांची बोटं आपोआप बुटांच्या नाड्यांशी चाळा करू लागली.

"तिला... आत ठेवलं. खिडक्या लावल्या. दार लावलं. मी बाहेर जिन्यात थांबलो. तिला सांगून ठेवलं होतं, जेवढ्या मोठ्यानं ओरडता येईल तेवढ्या मोठ्यानं ओरड."

"ऐकू आलं?"

"नाही."

"काहीच?"

"दाराला कान लावला, तरी नाही. मला इतका आनंद झाला, बुवा... बिल्डरला तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं."

"आणि ती?"

"थोड्या वेळानं तीच दार उघडून बाहेर आली. घसा बसला होता तिचा. म्हणाली, 'केव्हाची ओरडतेय मी. तुम्ही आलाच नाहीत.'"

"तू काय म्हणालास?"

...

पलीकडे वामन हंडा ठोकत होता. 

"मी म्हणालो... 'वा!'"

 मला त्यांची दया आली आणि त्यांचा संतापही आला. दोन्ही एकदमच आलं, म्हणून मी खाली बघत बसलो.

सरांनी पुढे सरून बुवांचे पाय धरले. आल्या आल्या विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं, पण आता इतक्या हळू, की ठोक्यांत ते आम्हाला जेमतेम कळलं.

"सांगा ना, बुवा. हाक मारली असेल का तिनं?"

बुवांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"मारली होती, मास्तर. तू दाराबाहेरच उभा होतास."