खो मिळण्याआधी

एकदा एका वृद्ध शल्यवैद्यांकडे, परदेशात शिकून नुकताच परतलेला त्यांचा शिष्य जवळजवळ धावतच आला. हातात एक्स-रे, डोळ्यांत चमक.

"सर, हे पाहा. गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेत हाड तयार झालंय. तिकडे नुसतं वाचलं होतं, इथे डोळ्यांनी पाहतोय."

एक्स-रे खो-खो खेळणाऱ्या एका मुलीचा होता. खेळताना तिची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, तुटली होती. शस्त्रक्रियेने ती सांधली खरी. पण जखम भरता भरता त्या मऊ दोरीतच हाड धरू लागले. गुडघा अर्ध्यावर अडे. खाली बसताच येईना, आणि जिला बसता येत नाही तिला खो-खो कुठला? राज्याच्या संघाची निवड तर तोंडावर आलेली.

"याच आठवड्यात ते काढून टाकतो," शिष्य म्हणाला. "तिला शब्द दिलाय मी."

संध्याकाळी वृद्धांनी शिष्याला मैदानावर नेले आणि मुलींच्या रांगेत एका चौकोनात बसवले. मुलींना हळूच सांगितले, "याला खो द्यायचा नाही."

खेळ रंगला तसे शिष्याच्या अंगात वारे शिरले. पळणारी मुलगी पुढ्यातून गेली, पुन्हा गेली, मग तर अगदी हाताशी आली. त्याला राहवेना. तो ताडकन उठला आणि तिला शिवला.

शिट्टी वाजली. कडेला कुबड्या टेकून उभी असलेली ती रुग्ण मुलगी म्हणाली, "डॉक्टर, तुम्हाला खो कुणी दिला हो?" सगळे मैदान हसले.

वृद्ध शिष्याजवळ येऊन बसले. "तुझा उत्साह खोटा नव्हता. तिच्या कंडरेतल्या पेशींचाही नव्हता. दोरी धरून बसून राहणं हे त्यांचं काम. शस्त्रक्रियेचा गलबला झाला, दुरुस्तीची हाक उठली, आणि काही पेशी खो नसतानाच हाड बांधायला उठल्या. ते हाड अजून वाढतंय. आज सुरी लावलीस तर पुन्हा गलबला, पुन्हा कुणीतरी उठेल. आधी ते पिकू दे, शांत होऊ दे."

मुलीचे हसू मावळले. "म्हणजे यंदाची निवड गेली?"

"गेली, पोरी. गुडघा जाऊ नये म्हणून."

तिने रिकाम्या चौकोनाकडे पाहिले. मग शिष्याला म्हणाली, "ठीक आहे. पण खो मी देणार. तोवर उठायचं नाही."

महिने गेले. ती नेमाने येई, झेपेल तेवढाच गुडघा वाकवी. तो नेमाने एक्स-रे पाही आणि हात आवरी. एके दिवशी त्याने जुना आणि नवा एक्स-रे शेजारी धरले. हाड तेवढेच होते, कडा स्वच्छ, स्थिर. लगेच उठावेसे वाटले, तरी तो बसूनच राहिला.

मागून पाठीवर एक हात पडला.

"खो," ती म्हणाली.

आणि तो उठला.