खुर्चीचे हात

“पण मग त्या बाई उभ्याच का राहिल्या?”

बुवांनी विचारलेला प्रश्न शब्दशः हाच. शपथेवर सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो आणि या कानांनी ऐकलंय.

म्हणजे, त्या दिवशी मी सासुरवाडीला होतो. पण भिंत तीच होती. आणि ज्यानं मला हे सांगितलं तो खोटं बोलत नाही. बोललाच तर माझ्याइतकंच.

तर, चिमणबुवा. भोरकड्याच्या डोंगरावर त्यांचा मठ. पायऱ्या इतक्या, की माणूस काय विचारायला निघाला होता ते वर पोचेपर्यंत विसरतो. अर्ध्या लोकांचे प्रश्न तिथंच सुटतात. बुवा अंगानं अगदी काडी. वारा सुटला की ते उडून जाऊ नयेत म्हणून शिष्य त्यांच्या उपरण्याचं टोक धरून बसत.

बुवा मंत्र देत नसत, अंगारा देत नसत. माणूस यायचा, बोलायचा. बुवा ऐकायचे. बस्स.

आणि हेरंब. पुण्यात मानसशास्त्र शिकलेला, समुपदेशन केंद्र काढायच्या बेतात असलेला. लोक बुवांसमोर मोकळे होतात ते कसे, एवढं शिकून घ्यायला तो वर आला होता. येताना दोन सागवानी खुर्च्या हमालांच्या डोक्यावर देऊन घेऊन आला. ऐसपैस पाठ, दोन्ही बाजूंना नक्षीचे हात. एक खुर्ची येणाऱ्याला, एक बुवांना.

बुवा आपल्या खुर्चीत कधीच बसले नाहीत. घोंगडीवरच बसायचे.

शिष्य एकमेकांना म्हणाले, हे वैराग्य. मग तेही खुर्चीला शिवेनात. हेरंबही भारावला. सागवान नाकारणारा माणूस त्यानं पहिल्यांदाच पाहिला होता.

त्या दिवशी बुवा त्याला म्हणाले होते, “आज जो येईल त्याच्याशी तू बोल. मी आत आहे.”

आल्या त्या इंदुमती सोनटक्के. खालच्या गावातल्या बालवाडीच्या बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं जाड. जाडच म्हणतो, शब्दाला भिण्यासारखं त्यात काही नाही.

आल्या तशा थोड्याच वेळात गेल्याही. आणि मग बुवांनी बाहेर येऊन तो प्रश्न विचारला.

“अस्वस्थ होत्या,” हेरंब म्हणाला.

“कशावरून?”

“मी दोनदा म्हटलं, बसा. दोन्ही वेळा म्हणाल्या, उभीच बरी आहे. मन बंद असलं की माणूस टेकत नाही, बुवा. पळायच्या तयारीत असतो. आमच्या शास्त्रात याला…”

“शास्त्र राहू दे. बोलल्या काय?”

“बहीण गेल्यापासून झोप लागत नाही म्हणाल्या.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, झोपेचं बघूच आपण. पण आधी वजनाचं मनावर घ्या. शरीर हलकं झालं की मनही हलकं होतं.”



“तुला लागते झोप?” बुवांनी विचारलं.

“इथं? या थंडीत? नाही लागत.”

“मग थोडं वजन वाढवून बघ.”

हेरंब हसला. बुवा हसले नाहीत. तेव्हा हेरंबनंही आवरतं घेतलं.

“मग बाई काय म्हणाल्या?”

“बरं म्हणाल्या. हसल्यासुद्धा. जाताना म्हणाल्या, आता आणखी कुणाकडं जाणार नाही.”

“हसून म्हणाल्या?”

“हो. मला वाटलं, पटलं त्यांना.”

बुवांनी डोळे मिटले. उघडले.

“बोलताना त्यांचे हात कुठं होते?”

“हात? खुर्चीवर. म्हणजे… एका हातानं खुर्चीचा हा हात धरला होता, दुसऱ्यानं तो. आणि त्या दोन हातांच्या मधल्या जागेकडं बघत होत्या. नंतर म्हणाल्या, उभीच…”

हेरंब थांबला.

वळून खुर्चीच्या त्या मधल्या जागेकडं बघायला लागला.

“कोठीतली करवत आण,” बुवा म्हणाले.

आता इथं शिष्य सांगतात, की बुवांनी करवत नुसती टेकवली आणि सागानं आपण होऊन हात सोडले. मी यावर विश्वास ठेवत नाही. मला जे कळलं ते असं, की बुवा दोन्ही गुडघ्यांवर बसून घामाघूम होत कापत होते.

“बुवा, सागवान आहे हो.”

“म्हणून तर वेळ लागतोय. नुसता बघू नकोस, पाय धर.”

हेरंबनं खुर्चीचे पाय धरले. एक हात पडला. मग दुसरा. नक्षीतला मोर मधोमध तुटला. हेरंबनं मान फिरवली.

“जा घेऊन.”

“कुठं?”

“मधल्या पारावर. पायऱ्या उतरणारा माणूस तिथं दम खातो. जाडही खातो, बारीकही खातो.”

“काय सांगू त्यांना?”

बुवा भुसा झटकत राहिले.

हेरंब खुर्ची डोक्यावर घेऊन उतरला. मोकळ्या हातानं उतरतानासुद्धा तिथं देव आठवतो. पुण्याचा तो पोरगा पडला कसा नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

इंदुमतीबाई पारापाशी होत्या. पार उंच, बसायला अवघड. त्याला पाठ लावून उभ्या होत्या.

हेरंबनं खुर्ची खाली ठेवली.

बाईंनी खुर्चीकडं पाहिलं. कापलेल्या खुंटांकडं पाहिलं. त्यांवर अजून भुसा होता.

“ही मघाचीच ना?”

“हो.”

“चांगली होती.”

“हो.”

“मग कशाला…?”

हेरंबला पुण्यात शिकलेलं एकही वाक्य आठवेना.

“अडवत होती,” तो म्हणाला.

बाई उभ्याच. त्यांनी खुंटावरून बोट फिरवलं. लाकडाचं कुसळ टोचलं असावं. बोट मागं घेतलं. हेरंबनं गळ्यातलं उपरणं काढून एका खुंटावर टाकलं. दुसऱ्यावर टाकायला काही नव्हतं, म्हणून त्यावर स्वतःचा तळहात ठेवला.

बाई बसल्या.

आधी जपून. कडेवर. मग जरा मागं. मग पाठ टेकली. खुर्ची कुरकुरली आणि बाई एकदम ताठ झाल्या…

“माझ्याखालीही कुरकुरते,” हेरंब म्हणाला. “बनवतानाच सैल राहिलीय.”

बाईंनी पुन्हा पाठ टेकली. डोळे मिटले. हेरंब गप्प राहिला. त्याच्या आयुष्यातलं हे बहुतेक पहिलं गप्प राहणं.

“माझी बहीण होती,” बाई म्हणाल्या. “रत्ना. माझ्यासारखीच. जाड. तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टरांकडं गेली की ते आधी काट्यावर उभं करायचे. म्हणायचे, वजन कमी करा, मग बघू. वर्षभर हेच. मग ती बारीक व्हायला लागली.”

“हं.”

“सगळे म्हणाले, वा. डॉक्टर म्हणाले, शाब्बास. भावजयीनं विचारलं, काय करतेस गं, मलाही सांग. ती काहीच करत नव्हती, दादा. तिला खाल्लेलं पोटात ठरतच नव्हतं.”

खालून शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली.

“आणि मी…” बाई म्हणाल्या. “मी तिला माझं निळं लुगडं दिलं. म्हटलं, आता तुला शोभेल. आता छान दिसतेस.”

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“कुणालाच हे सांगितलं नाही मी. सांगायला गेले की तोंड उघडायच्या आत मला काट्यावरच उभं करतात. तुम्हीही आज…”

“मीही,” हेरंब म्हणाला.

मग बाई रडल्या. हमसून, अंग गदगदवून रडल्या. खुर्ची कुरकुरली आणि या खेपेला त्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. हेरंब त्या खुंटावर हात ठेवून तसाच उकिडवा बसून राहिला. त्याच्या पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्या, परत आल्या.

ऊन कलल्यावर तो वर आला. खुर्ची नव्हती बरोबर.

“तिथंच ठेवली,” तो म्हणाला. “बाई गुरुवारी येते म्हणाल्यात. पारापर्यंत. मी तिथवर उतरेन.”

“तू काय बोललास?”

“काहीच नाही. सुचलंच नाही.”

“बरं झालं.”

हेरंब बुवांच्या घोंगडीसमोर बसला. तळहात उघडून बघत होता. कुसळ रुतलं होतं.

“बुवा, एक विचारू? वजनाचं सोडलं मी. पण माणूस आपल्याकडं येतो तो काहीतरी कमी व्हावं म्हणूनच ना? मग काय कमी करायचं? दुःख? भीती? उद्या दुसरं कुणी आलं तर सुरुवात कुठून करू?”

बुवांनी जे उत्तर दिलं, ते सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो.

या गोष्टीत मी एकच गोष्ट पदरची घातली. बुवा अंगानं काडी होते, ही. ते वाऱ्यानं उडणं, उपरण्याचं टोक धरणं, सगळं माझं. बुवा चांगले जाड होते. घोंगडीवर बसले की घोंगडी कुठं आहे ते सांगावं लागायचं. पण गुरू म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढं बारीकच येतो. म्हटलं, कशाला सुरुवातीलाच तुमच्याशी वाद घाला.

बाकी सगळं जसंच्या तसं. शेवट तर अक्षर न् अक्षर.

बुवांनी हेरंबकडं पाहिलं. मग कोपऱ्यात टेकवलेली करवत उचलून त्याच्या पुढं धरली.

“ती दुसरी खुर्ची आण,” म्हणाले.