पिशवीतला पेरू

पोपट माणसांचं नशीब सांगत, त्या काळातली गोष्ट. सगुणाबाई ज्योतिषणीच्या पेटीत पत्त्यांच्या चार गड्ड्या होत्या आणि पत्ता ओढायला पाचू नावाचा पोपट होता. जत्रेला एकच गड्डी न्यायची होती, म्हणून सकाळपासून पेटीत भांडण जुंपलं होतं.

"गप्प बसा!" पाचू ओरडला. "आज मला काय खायला मिळणार, हे जी बरोबर सांगेल, ती जत्रेला येईल."

सोनेरी कडांची ग्रहांची गड्डी म्हणाली, "तुला राजयोग आहे." पक्ष्यांची म्हणाली, "समुद्रापार प्रवास!" फुलांची लाजत म्हणाली, "लग्न."

"अगं बये, लग्न खाऊ कसं?" पाचूनं कपाळाला पंख लावला.

कोपरे झिजलेली जुनी गड्डी म्हणाली, "पेरू मिळेल."

"कुठल्या ग्रहानं सांगितलं?" ग्रहांची गड्डी फणकारली.

"ग्रह कशाला? काल बाजारात भविष्य सांगून परत येताना बाईंच्या पिशवीत मी पेरूच्याच अंगावर पडले होते."

तेवढ्यात सगुणाबाईंनी पेरूची फोड पिंजऱ्यात सरकवली. पाचू हसता हसता दांडीवरून खाली पडला.

जत्रेला जुनी गड्डीच गेली. आणि तेव्हापासून पाचू पत्ता ओढण्याआधी समोरच्याच्या पिशवीत हळूच डोकावून घेतो.