ज्या गावात 'पुरे' म्हणत नसत

या गोष्टीला इतकी वर्षं झाली, की तेव्हा डोंगरांची उंचीसुद्धा कुणी मोजली नव्हती. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. पाणी मुबलक, भात उत्तम पिकायचा, घरोघरी दुभतं होतं. या गावच्या कुत्र्यांनाही ढेकर येतात, असं शेजारगावचे लोक म्हणत. त्यात थोडी असूया होती, पण फारसं खोटं नव्हतं.

आता मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, आपण काही शब्द तोंडातून काढत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. बांगडी फुटली तरी ती 'वाढवली' म्हणतो. नारळही 'वाढवतो'. घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. या गावाने त्यात आपली एक भर घातली होती. पानावर बसल्यावर 'पुरे' म्हणायचं नाही!

म्हणे एकदा साक्षात अन्नपूर्णा म्हातारीच्या वेषात गावच्या पंगतीत वाढायला आली होती. कुणीतरी तिच्यावर 'पुरे!' म्हणून खेकसलं. ती पळी तिथेच टाकून निघून गेली आणि तीन वर्षं दुष्काळ पडला. तेव्हापासून पोट भरलेला माणूस फार तर पानावर आडवा हात धरी. पण आडवा हात म्हणजे नुसता संकोच, असं वाढणाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यामुळे हातावरच तूप पडे आणि सगळी पंगत हसे.

त्या गावात म्हाळसा नावाची बाई राहत असे. तिच्या हाताला चव होती आणि तिचा आग्रह तर पंचक्रोशीत नावाजलेला. "ही आईच्या नावाची, ही मामाच्या नावाची, आणि ही नाही घेतली तर माझ्या गळ्याची शपथ," असं म्हणत ती पुरणपोळ्या वाढत जाई. कुणाचा तरी जावई तिच्या हातच्या तेरा पोळ्या खाऊन दोन दिवस सासुरवाडीतच आडवा झाला होता. ती गोष्ट म्हाळसा मोठ्या अभिमानाने सांगायची.

तिचा नवरा शिदोबा विणकर होता. लग्न झालं तेव्हा अगदी काडीपैलवान. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा, आणि त्याचा धोटा इकडून तिकडे असा पळायचा की बघणाऱ्याची मान दुखावी. पण म्हाळसेच्या हातचं खाऊन खाऊन त्याचं पोट पुढे आलं. विणलेलं कापड ज्या दांड्यावर गुंडाळतात, तो दांडा पोटाला टेकू लागला. शिदोबाने माग थोडा पुढे सरकवला. पुढच्या वर्षी आणखी थोडा. शेवटी माग भिंतीला जाऊन भिडला. आता भिंत काही सरकणार नव्हती.

मग त्याला चार पावलांत धाप लागायला लागली. संध्याकाळी पाय सुजत. दुपारी मागावरच डुलकी लागे आणि कापडात धागे सुटत. म्हाळसेचा जीव टांगणीला लागला. या माणसावाचून तिला दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसरं कुणी असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं.

गावात कुणाला बरं वाटेनासं झालं की सल्ल्यांना काय तोटा! एकीने सांगितलं, सकाळी उठल्या उठल्या मेथीचा लाडू द्या. दुसरीने सांगितलं, हळद घातलेलं दूध द्या, म्हशीचं, सायीसकट. तिसरी म्हणाली, गुळवेलीच्या काढ्याला तोड नाही, मात्र कडू लागतो, तेव्हा मागून गूळ-तूप द्या. म्हाळसेने एकीचंही मन मोडलं नाही. सगळं सुरू केलं. औषधं ताटात आली, पण आधीचं ताटातून काही उठलं नाही. शिदोबा सगळं मुकाट्याने गिळायचा, आणि त्याची धाप वाढतच गेली.

रानाच्या कडेला एक म्हातारी वैदीण राहायची. म्हाळसा टोपलीभर अनारसे घेऊन तिच्याकडे गेली. वैदिणीने एक अनारसा घेतला, सावकाश चावून खाल्ला, टोपली तिच्याकडे परत सरकवली आणि म्हणाली, "झकास झालाय. बाकीचे घरी ने."

म्हाळसेला ते चांगलंच झोंबलं. पण अडलेली होती, काय करते! तिने नवऱ्याचं सगळं दुखणं सांगितलं.

"आठवड्यातून एक दिवस पोटाला विसावा दे त्याच्या," वैदीण म्हणाली.

"म्हणजे उपासच की!" म्हाळसा खूश झाली.

"उपास म्हण हवं तर."

इथेच घोटाळा झाला. वैदीण पडली रानातली, तिला या गावचे उपास काय माहीत! सोमवार उजाडला. म्हाळसेने वऱ्याचे तांदूळ शिजवले, वर दाण्याची आमटी केली. शिंगाड्याचा शिरा केला, तुपात पोहणारा. रताळ्याच्या गोड काचऱ्या, राजगिऱ्याचे लाडू, केळ्याची शिकरण, आणि उपासाने अशक्तपणा येऊ नये म्हणून वाटीभर आटवलेलं दूध. असे चार सोमवार झाले. पाचव्या सोमवारी शिदोबा फराळ करून मागावर बसायला गेला आणि खड्ड्यात पाय सोडता सोडता घेरी येऊन पडला.

लोकांनी त्याला उचलून पलंगावर ठेवलं. निरोप गेला तशी वैदीण काठी टेकत आली. तिने नाडी पाहिली, पाय दाबून पाहिले, सुजेत तिचा अंगठा रुतला. मग ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "याला रोज वाढतेस तसं वाढ. मला बघू दे."

म्हाळसेने वाढलं. शिदोबाने आडवा हात धरला, तिने हाताखालून वाढलं. सगळं झाल्यावर वैदिणीने शिदोबाला एकच विचारलं, "बाबा, तुला शेवटची भूक कधी लागली होती?"

शिदोबाने बायकोकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. "बारा वर्षं झाली असतील," तो पुटपुटला.

म्हाळसेच्या हातातली पळी तशीच राहिली.

"माझ्या झोळीत याच्यासाठी पाला नाही, मुळी नाही," वैदीण उठत म्हणाली. "पोरी, आणखी काय घालू ते तू सगळ्यांना विचारलंस. काय काढू ते एकदाही विचारलं नाहीस. हा आणखी एकदा असा पडला, तर मला बोलावू नकोस. माझ्याच्याने तो उठणार नाही."

वैदीण गेली. म्हाळसा परसात जाऊन पाट्यावरवंट्यापाशी बसली. आधी तिला राग आला. बारा वर्षं पहाटे उठून रांधलं ते कुणासाठी? मग रडू आलं. शिदोबा भिंतीला धरत धरत तिच्यामागे आला.

"भूक नव्हती तर खात का होता हो?" तिने विचारलं.

"तू पळी घेऊन उभी राहतेस ना, तेव्हा तुझा चेहरा असा फुलतो," शिदोबा म्हणाला. "तो पडलेला बघवत नाही मला. आणि म्हणू तरी काय? तो शब्द आपल्यात म्हणतात का?"

"आणि मला वाटायचं, तुमची भूकच दांडगी," म्हाळसा म्हणाली. आपल्याच मायेने हा माणूस आपल्या हातून जाणार होता, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिला स्वतःची फार भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिने घरात कमी वाढायला सुरुवात केली. पण घरचं ठीक, गावचं काय? आज याच्याकडे बारसं, उद्या त्याच्याकडे पूजा. तिथे वाढायला सगळं गाव, आणि शिदोबा पडला भिडस्त. त्यात अन्नपूर्णेचा उत्सव आठवड्यावर आला होता.

उत्सवाच्या दिवशी देवळापुढे पंगत बसली. म्हाळसेने शिदोबाच्या पानावर भाताची एक मूद वाढली, वरण वाढलं, दोन भाज्या आणि एक पुरणपोळी वाढली. त्याने सगळं चवीने खाल्लं. मग पाटलीणबाई पोळ्यांचं ताट घेऊन आल्या. शिदोबाने आडवा हात धरला, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "हात काढा भावोजी, नाहीतर हातावर वाढीन!"

म्हाळसा तूप वाढत होती. ती तांब्या ठेवून धावली आणि नवऱ्याच्या पानावर तिने स्वतःचे दोन्ही हात पसरले.

"पुरे," ती म्हणाली.

पंगतीत घास तोंडाशी थांबले. एका म्हातारीने तर घाबरून वर आभाळाकडे पाहिलं.

"म्हाळसे!" पंगतीच्या टोकाला बसलेले पुजारी आजोबा ओरडले. "अगं, काय बोललीस हे? देवी निघून जाईल!"

म्हाळसेने हात काढले नाहीत. "आजोबा, देवी वाढायला आली होती, कोंबायला नव्हती आली," ती म्हणाली. "तिच्यावर कुणी खेकसलं, म्हणून ती गेली. मी खेकसत नाही. माझा माणूस मरणाच्या दारात आहे, आणि तो मीच तिथवर नेलाय. ती आई आहे. तिला कळेल." मग ती देवळाकडे वळली आणि हात जोडून म्हणाली, "अन्नपूर्णे, पुरे. पोट भरलं. तृप्त झालो."

पुजारी आजोबांनी आपल्या पानाकडे पाहिलं. तिथे चौथी पोळी पडली होती. बराच वेळ ते तिच्याकडे बघत बसले होते, आणि त्या नजरेत भक्ती मुळीच नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"हात जोडून म्हटलेलं चालत असेल," ते हळूच म्हणाले, "तर मलाही... पुरे गं बाई."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळी पंगत हसली. कुणी कुणी हात जोडले, कुणी चोरून जोडले. सगळ्यांनाच काही ते पटलं नाही. पाटलीणबाई महिनाभर म्हाळसेशी बोलल्या नाहीत, आणि पाऊस येईपर्यंत निम्मं गाव मनातून धास्तावलेलं होतं. पण पाऊस आला, दरवर्षी येतो तसा, आणि भातही दरवर्षीसारखाच पिकला.

शिदोबा मात्र एका दिवसात बरा झाला नाही. दुखणं बारा वर्षांचं होतं, ते लगेच कसं उतरेल? लाडू थांबले, गूळ-तूप सणापुरतं राहिलं. ताटात ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण आणि ताक आलं. संध्याकाळी दोघं नदीपर्यंत चालत जात. पहिल्या दिवशी तो वाटेत सहा वेळा बसला, आणि म्हाळसाही त्याच्याशेजारी सहा वेळा बसली. सगळ्यात अवघड गेलं ते तिलाच. वाढायला सवकलेला हात सारखा पातेल्याकडे जायचा आणि ती तो पदरात गुंडाळून ठेवायची.

हळूहळू सूज उतरली. धाप कमी झाली. भिंतीला भिडलेला माग शिदोबाने पुन्हा वीतभर मागे घेतला.

आणि एके दिवशी काय झालं! सकाळची उन्हं वर आली होती, म्हाळसा परसात भाजी निवडत होती, आणि घरातून मागाची खटखट एकाएकी थांबली. तो पुन्हा पडला की काय! ती उठून धावणार, इतक्यात आतून हाक आली.

"अगं ए! भूक लागलीय गं मला! कडकडून लागलीय!"

म्हाळसा जागच्या जागी उभी राहिली. आयुष्यात तिला पुष्कळांनी 'सुगरण' म्हटलं होतं, पण इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने घाईघाईने चूल पेटवली. गरम भाकरी, आमटी आणि फोडलेला कांदा घेऊन ती आली, तर शिदोबा चुलीवरच्या वासानेच येऊन पाटावर बसला होता. तो लहान मुलासारखा जेवला. दीड भाकरी झाली तसा हात जोडून थांबला, आणि मग नवलाने बायकोकडे बघत राहिला.

"काय घातलंस गं हिच्यात? इतकी गोड भाकरी तू जन्मात केली नव्हतीस."

"काही नाही हो," डोळे पुसत म्हाळसा म्हणाली. "रोजचीच आहे."

या गोष्टीचा बोध एवढाच: खाऊ घालणाऱ्याने माया करावी, पण भुकेला विचारून करावी, कारण वेळेवर थांबणाऱ्यालाच आरोग्य लाभतं आणि साध्या भाकरीची गोडी कळते.